पंधरा डॉलरचा लेख, पंचवीस पैशांचा शब्द

२६ जानेवारी २०११. भारतात प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात त्या दिवशी डिमांड मीडिया नावाच्या कंपनीचे शेअर पहिल्यांदा खरेदी-विक्रीला आले. सतरा डॉलरना वाटलेला शेअर दिवसभरात वीस डॉलरच्या पुढे गेला आणि कंपनीची किंमत दीड अब्ज डॉलरच्या घरात पोचली. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत एक तुलना हटकून होती: दीडशे वर्षांचा वारसा सांगणाऱ्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कंपनीपेक्षा ही पाच वर्षांची कंपनी बाजाराला जास्त मोलाची वाटत होती.

या कंपनीकडे छापखाना नव्हता आणि युद्धभूमीवर धाडलेले वार्ताहरही नव्हते. घरी बसून लिहिणारे हजारो लोक मात्र होते. गळका नळ कसा दुरुस्त करावा, गालिच्यावरचा डाग कसा काढावा, मुलाखतीला जाताना काय घालावे, असल्या प्रश्नांची उत्तरे ते लिहीत आणि ती ‘ईहाऊ’ या संकेतस्थळावर झळकत. लेखामागे बहुधा पंधरा डॉलर मिळत. तेव्हाच्या दराने पावणेसातशे रुपयांच्या आसपास.

इंटरनेटवर लेख लिहून पैसे कमावता येतात का, हा प्रश्न आज सांगलीतली एखादी गृहिणी विचारते, पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा विचारतो आणि निवृत्त शिक्षकही विचारतात. कमावता येतात, हे त्याचे उत्तर. पण हे पैसे कोण देतो, कशासाठी देतो आणि द्यायचे केव्हा थांबवतो, हे कळल्याशिवाय त्या उत्तराला फारसा अर्थ नाही. ते समजून घ्यायला डिमांड मीडियासारखे दुसरे उदाहरण नाही.

तिथे लेखाचा विषय लेखक ठरवत नसे आणि संपादकही ठरवत नसे. ते काम एका गणिती सूत्राकडे होते. लोक शोधयंत्रात काय टाइप करतात, त्या शब्दांशेजारी झळकायला जाहिरातदार किती मोजतात आणि त्या विषयावर आधीच किती पाने उपलब्ध आहेत, हे सगळे एकत्र करून सूत्र सांगे की अमुक मथळ्याचा लेख त्याच्या हयातीत इतके डॉलर मिळवून देईल. ‘वायर्ड’ मासिकाने २००९ मध्ये या कंपनीवर मोठा लेख छापला होता. त्यातले एक उदाहरण मासलेवाईक आहे: डॅलस शहरात जुनी मोटार दान कुठे करता येईल? असा प्रश्न रोज किती जणांना पडणार? पण ज्यांना पडतो त्यांच्यापर्यंत पोचायला जाहिरातदार चांगले पैसे मोजत होते, म्हणून मथळा मोलाचा. माणसांनी सुचवलेल्या विषयांपेक्षा सूत्राने काढलेले विषय ४.९ पट उत्पन्न देतात, असा कंपनीचा हिशेब होता. अशा लेखांचे आणि चित्रफितींचे तिचे उत्पादन तेव्हाच दिवसाला चार हजारांच्या घरात होते. उत्पादन हाच शब्द इथे योग्य.

आता लेखकाच्या बाजूचा हिशेब. एका तासात दोन लेख उरकणाऱ्याला तासाला तीस डॉलर सुटत. ही काही वाईट कमाई नाही. पण एखाद्याने प्रामाणिकपणे दोन जाणकारांना फोन केले, माहिती पडताळली आणि त्यात चार तास घालवले, तर त्याच्या हातात तासाला पावणेचार डॉलर पडत. अमेरिकेतल्या किमान वेतनाचा केंद्रीय दर तेव्हाही सव्वासात डॉलर होता. म्हणजे काळजीपूर्वक लिहिणाऱ्याला त्या दराने दंडच बसत होता आणि भरभर लिहिणाऱ्याला बक्षीस. वाईट लेख लिहा, असे कोणी कोणाला सांगितले नव्हते. ते काम दराने परस्पर केले.

शेअर विक्रीला येऊन महिनाही उलटला नव्हता, तोच फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस गूगलने आपल्या शोधसूत्रात मोठा बदल केला. उथळ मजकूर खाली ढकलणे हा त्याचा हेतू होता आणि अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असे गूगलनेच जाहीर केले. या बदलाला ‘पांडा’ म्हणतात. बांबू खाणाऱ्या प्राण्याशी त्याचा काही संबंध नाही. ते गूगलमधल्या नवनीत पांडा या अभियंत्याचे आडनाव आहे. पहिल्या तडाख्यातून ‘ईहाऊ’ वाचले, एप्रिलमधल्या दुसऱ्या तडाख्यात सापडले. पुढे डिमांड मीडियाची उतरंड सुरू झाली. २०१६ मध्ये तिने नाव बदलून लीफ ग्रुप केले. २०२१ मध्ये ती ग्रॅहम होल्डिंग्जने ३२ कोटी डॉलरच्या आसपास विकत घेतली. ग्रॅहम होल्डिंग्ज म्हणजे एके काळी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ चालवणारी कंपनी.

त्या पंधरा डॉलरवर घरखर्च भागवणाऱ्या लेखकांचे काय झाले? हाती घ्यायच्या मथळ्यांची यादी आटत गेली आणि एके दिवशी काम थांबले. ते कर्मचारी नव्हते, त्यामुळे त्यांना कामावरून काढण्याचाही प्रश्न आला नाही.

ठरावीक दराचा हा झाला पहिला प्रकार. दुसरा प्रकार उत्पन्नाच्या वाट्याचा. इथे लेखाला ठरावीक दर नसतो, वाचक किती आले त्यावर पैसे मिळतात. २००५ मध्ये डेन्व्हरमध्ये सुरू झालेले ‘असोशिएटेड कंटेंट’ लेखाला थोडी रोख रक्कम देई आणि वर हजार वाचनांमागे साधारण दीड डॉलर. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. महिन्याला दीडशे डॉलर हवे असतील तर एक लाख वाचने लागणार. याहूने २०१० मध्ये ही कंपनी सुमारे दहा कोटी डॉलरना घेतली तेव्हा तिच्याकडे साडेतीन लाखांहून अधिक लिहिणाऱ्यांची नोंद होती. पांडाचा फटका तिला पहिल्याच फेरीत बसला. याहूने तिचे ‘याहू व्हॉइसेस’ केले आणि २०१४ च्या उन्हाळ्यात दुकान बंद केले. त्याच वर्षी सेथ गोडिन या विख्यात विपणन-लेखकाने काढलेले ‘स्क्विडू’ हे स्थळ ‘हबपेजेस’मध्ये विलीन झाले. ‘एक्झामिनर डॉट कॉम’ २०१६ मध्ये गेले.

हबपेजेसचा वाटा तुलनेने उदार होता: जाहिरातींचे साठ टक्के लेखकाला, चाळीस स्थळाला. अनेकांनी तिथे वर्षानुवर्षे लेख साठवले आणि झोपेतही पैसे येतात, असे इतरांना सांगितले. आजही मराठीत ‘घरबसल्या लाखो कमवा’ म्हणणाऱ्या चित्रफितींतून हेच ऐकू येते. पण लेखक झोपलेला असताना वाचक आणून देणारे शोधयंत्रही आपले सूत्र बदलत असते, हा भाग त्या चित्रफितींत बहुधा गाळलेला असतो.

आणि तिसरा प्रकार, ज्यात पैसेच नसतात. ‘हफिंग्टन पोस्ट’ हे बातम्यांचे संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झाले ते हजारो लोकांच्या विनामोबदला लेखनावर. तुमचे नाव होईल, ओळख वाढेल, असे लेखकांना सांगितले जाई. २०११ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने ते ३१.५ कोटी डॉलरना विकत घेतले आणि फुकट लिहिणाऱ्यांना जाग आली. जोनाथन टासिनी या लेखक-कार्यकर्त्याने साऱ्यांच्या वतीने साडेदहा कोटी डॉलरचा दावा लावला. मार्च २०१२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. पैसे मिळणार नाहीत हे लिहिणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होते आणि व्यवहार झाल्यानंतर त्याच्या अटी बदलता येत नाहीत, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या दृष्टीने निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. नैतिकदृष्ट्या मात्र तो व्यवहार कोणालाच शोभला नाही.

मराठी माणसाला फुकट लिहिण्याचे नवल नाही. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढल्याला आता शतक उलटून गेले, आणि दिवाळी अंकात लेख छापून आला की अंकाची एक प्रत आणि मिळालेच तर मानधनाचा छोटासा धनादेश, यावर आपल्याकडच्या कित्येक लेखकांनी आयुष्य काढले. इंटरनेटने हा रिवाज मोडावा, अशी आशा होती. काही काळ तसे घडतेय असे वाटलेही.

२०१७ चा सुमार. स्वस्त डेटा गावोगाव पोचला होता. भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त झाल्याचे गूगल आणि केपीएमजीच्या अहवालाने त्याच वर्षी सांगितले: २०१६ मध्ये २३.४ कोटी विरुद्ध १७.५ कोटी. एवढ्या वाचकांना वाचायला द्यायचे काय? चीनच्या अलीबाबा समूहाच्या यूसी न्यूज या अॅपने भारतात लिहिणाऱ्यांसाठी पाच कोटी रुपयांची बक्षीस योजना जाहीर केली. निवडक हजार जणांना महिन्याला किमान पन्नास हजार रुपये मिळतील, असा तिचा गाजावाजा होता. हिंदी-इंग्रजीपाठोपाठ प्रादेशिक भाषांतही लेखक हवे होते. दहावी-बारावी झालेली मुले मोबाईलवर लेख टाइप करू लागली. क्रिकेट, सिनेतारकांची लग्ने, घरगुती उपाय, ‘तुम्हाला माहीत आहे का’ छापाची माहिती. काहींच्या खात्यात खरोखर पैसे आले. बरेचसे लेख दुसरीकडून उचललेले होते, हेही खरे.

२९ जून २०२० रोजी, गलवानच्या संघर्षानंतर, भारत सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. त्या यादीत यूसी न्यूज होते, यूसी ब्राउझर होता आणि हेलो हे समाजमाध्यमही होते. बंदीमागचे कारण लेखकांशी संबंधित नव्हते, पण त्यांची एक मिळकत एका रात्रीत संपली. अमेरिकेतल्या लेखकाचे गणित शोधयंत्राच्या सूत्राने बिघडवले, इथल्याचे परराष्ट्र धोरणाने.

स्वतःचे संकेतस्थळ काढून जाहिराती लावाव्यात, हा त्यापेक्षा स्वतंत्र मार्ग. गूगलची अॅडसेन्स ही सेवा २००३ पासून चालू आहे. हिंदी पाने तिने २०१४ च्या अखेरीस स्वीकारली, मराठीला २०१८ पर्यंत थांबावे लागले. खात्यात शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे हाती येत नाहीत. मराठी पानांची अडचण अशी की जाहिरातींच्या लिलावात मराठी वाचकाची बोली इंग्रजी, त्यातही अमेरिकी वाचकापेक्षा कितीतरी कमी लागते. तेवढेच पैसे मिळवायला अनेक पट वाचक लागतात. मग वाचक कशाने येतात? त्याचे उत्तर कोणत्याही मराठी माहिती-स्थळाच्या पहिल्या पानावर दिसते: आजचे राशिभविष्य, सोन्याचा आजचा भाव, सातबारा मोबाईलवर कसा पाहावा, पीएम किसानचा हप्ता कधी. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना आली आणि दीड हजारांचा हप्ता कोणत्या तारखेला जमा होणार, या एका प्रश्नावर लेखांचा पूर आला. त्यातल्या पुष्कळ लेखांत तारीख नसायचीच. ‘लवकरच निर्णय होण्याची शक्यता’ एवढे सांगायला सहाशे शब्द. डॅलसची मोटार दान करण्याचे तर्कशास्त्र असे मराठीत अवतरले. फरक एवढाच की इथे त्या पानावर पोचणारी बाई खरोखर हप्त्याची वाट पाहत असते.

पडद्याआडचा व्यवसाय याहून मोठा आहे. एखाद्या रुग्णालयाच्या, बांधकाम कंपनीच्या किंवा परदेशी सॉफ्टवेअर कंपनीच्या संकेतस्थळावर जे लेख दिसतात, ते लिहिणाऱ्याचे नाव तिथे नसते. मूळ ग्राहक एजन्सीला काम देतो, एजन्सी दुसऱ्या एजन्सीला, ती व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकते. प्रत्येक टप्प्यावर दर झिरपत खाली येतो. नवख्याला तो प्रतिशब्द पैशांत सांगितला जातो. पंचवीस पैसे धरले तर हजार शब्दांच्या लेखाचे अडीचशे रुपये झाले. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. वाचन, लेखन, दोन वेळा दुरुस्ती आणि कीवर्ड इतक्या वेळा आलाच पाहिजे ही कसरत धरली, तर अडीचशे रुपयांच्या त्या लेखात अर्धा दिवस सहज जातो. दिवसाला असे दोन लेख लिहिणारा पदवीधर रोजगार हमीच्या मजुराच्या दीडपटीच्या थोडाच पुढे असतो, तेही पैसे वेळेवर आले तर.

मध्यस्थांचा वाटा वेगळाच. फायव्हर हे २०१० मध्ये इस्राएलमध्ये निघालेले कामांचे बाजारस्थळ लेखकाच्या कमाईतून वीस टक्के कापते. त्यावर डॉलरचे रुपये करतानाची तूट.

हे सगळे वाचून लिहिण्याचा नाद सोडावा असे वाटेल, पण चित्र इतकेही एकरंगी नाही. पैसे ज्यात बरे मिळतात त्या लेखनात एक गोष्ट समान दिसते: लेखकाला काहीतरी असे माहीत असते जे दुसऱ्याला सहज माहीत नसते. ‘स्मॅशिंग मॅगझिन’ हे जर्मनीतून २००६ पासून चालणारे वेबतंत्राचे स्थळ लेखकांना मोबदला देते, कारण तिथे लिहिणारा स्वतः ते काम करणारा असतो. ‘लिस्टव्हर्स’ या दहा-दहा नोंदींच्या याद्या छापणाऱ्या स्थळाने कित्येक वर्षे स्वीकारलेल्या यादीला शंभर डॉलर दिले. ते जगातल्या कोणालाही खुले होते, अट एवढीच की इंग्रजी अस्सल हवे आणि प्रत्येक नोंदीला आधार हवा. नाकारल्या गेलेल्या याद्यांची संख्या अर्थातच फार मोठी होती.

‘मीडियम’चे गणित वेगळ्या धर्तीचे. ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक इव्हान विल्यम्स यांनी ते २०१२ मध्ये काढले आणि २०१७ पासून लेखकांना पैसे द्यायला सुरुवात केली. तिथे जाहिराती नाहीत. वाचक महिन्याला पाच डॉलर भरतो आणि तो कोणाचे किती वाचतो यावर रक्कम वाटली जाते. कल्पना सुंदर आहे. तरीही ज्या काळात मीडियम स्वतःच महिन्याचे आकडे लेखकांना कळवत असे, तेव्हा शंभर डॉलरच्या वर कमावणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते.

मराठीत याच्या जवळ जाणारे नाव म्हणजे बंगळुरूची ‘प्रतिलिपी’. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या मंचावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत लोक लिहितात. मात्र तिथे चालते ती कथा, तीही भागाभागांची. पुढच्या भागासाठी वाचक पैसे मोजतो. सासू-सून, प्रेम, भुताटकी. नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की मराठीत वाचक थेट लेखकाच्या मजकुरासाठी खिशात हात घालतो, असे हे थोड्या ठिकाणांपैकी एक आहे. माहितीपर लेखाला तसा वाचक मराठीत अजून मिळालेला नाही.

माहितीपर मराठी लेखनाला पैसे मिळतात ते दुसऱ्या दारातून. बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या अॅपचे मराठीकरण, खते-बियाण्यांच्या कंपन्यांसाठी शेतकऱ्यांना समजेल असा मजकूर, आरोग्यसंस्थांच्या पुस्तिका, चित्रफितींच्या संहिता. यात नाव होत नाही, पण दर शब्दाला पैशांत नसून रुपयांत बोलता येतो. सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅकबद्दल चूक न करता लिहू शकणारा कृषी पदवीधर किंवा औषधाच्या पत्रकाचे मराठी रुग्णाला कळेल असे करणारी परिचारिका, ही माणसे राशिभविष्य लिहिणाऱ्यांच्या गर्दीत उभी राहत नाहीत.

ती गर्दी आता यंत्राशी स्पर्धा करते आहे. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला खुले झाले. त्याच महिन्यात सीनेट या जुन्या तंत्रज्ञान-स्थळाने यंत्राकडून अर्थविषयक लेख लिहून घ्यायला गुपचूप सुरुवात केली होती. जानेवारी २०२३ मध्ये बिंग फुटले. ७७ लेख तपासले गेले आणि ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. चक्रवाढ व्याजाचे साधे गणितही एका लेखात चुकले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या संकेतस्थळावर अस्तित्वातच नसलेल्या लेखकांची नावे आणि यंत्राने काढलेली छायाचित्रे सापडली. ते स्थळ तेव्हा चालवणारी अरीना ग्रुप म्हणजे २०१८ मध्ये हबपेजेस विकत घेणारी कंपनी. लेखकाला साठ टक्के देणाऱ्या स्थळाची मालकी फिरत फिरत जिथे पोचली, तिथे लेखकच नसला तरी चालेल असा विचार डोकावू लागला होता.

सुट्या कामाच्या बाजारावर याचा परिणाम मोजलाही गेला आहे. अपवर्क या सुट्या कामांच्या बाजारस्थळावरच्या व्यवहारांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधकांना दिसले की चॅटजीपीटी आल्यानंतरच्या काही महिन्यांत लेखन-संपादन करणाऱ्यांची कामे सुमारे दोन टक्क्यांनी आणि मासिक कमाई पाच टक्क्यांहून थोडी अधिक घटली. अनुभवी, नावाजलेले लोकही त्यातून सुटले नाहीत. आता एजन्सी सांगतात, यंत्राने लिहिलेले देतो, त्याला माणसासारखे करून द्या. दर अर्थात निम्म्याहून कमी.

उलटा जाचही आहे. लेख माणसानेच लिहिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी लेखकावर येते आणि तपासणारे असते आणखी एक यंत्र. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशा तपासयंत्रांना टोफेल परीक्षेतले ९१ निबंध दाखवले. परभाषक विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले आहेत, असा शेरा मिळाला. साधे, सरळ, पाठ्यपुस्तकी इंग्रजी लिहिणारा माणूसच यात अडकतो. आपल्याकडच्या लेखकांनी हे पक्के लक्षात ठेवावे. मसुदे आणि दुरुस्त्यांचा इतिहास जपून ठेवला तर वादाच्या वेळी तो दाखवता येतो.

फसवणुकीबद्दल थोडक्यात, कारण तिचा साचा ठरलेला आहे. ‘घरबसल्या लेखन-टायपिंग’ अशी जाहिरात येते. नोंदणीचे म्हणून काही हजार घेतले जातात किंवा एक ‘करार’ सही करून घेतला जातो. काम पूर्ण झाले की अचूकता कमी भरली म्हणून पैसे नाकारतात आणि मग वकिलाच्या नावाची नोटीस येते, नुकसानभरपाई भरा नाहीतर खटला. घाबरून लोक पैसे भरतात. काम देणारा कामाआधी पैसे मागत असेल तर तो काम देणारा नव्हे. अशा वेळी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि नोटिशीला घाबरून एक रुपयाही भरू नये.

दुसरा सापळा कायद्याच्या काठावरचा. परदेशी विद्यार्थ्यांचे निबंध आणि प्रबंध लिहून देण्याचे काम ‘अकॅडमिक रायटिंग’ या सभ्य नावाने येते आणि दरही बरा असतो. केनियात हजारो सुशिक्षित तरुण त्यावर जगतात. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये अशा सेवा देणे गुन्हा ठरवले. काम सोडायला एवढे कारण पुरेसे आहे.

कराचे दोन आकडे हाताशी असावेत. एका ग्राहकाकडून व्यावसायिक शुल्क म्हणून वर्षाला पन्नास हजारांच्या वर रक्कम मिळाली, तर तो सहसा दहा टक्के कर कापून पैसे देतो. ही मर्यादा एप्रिल २०२५ पूर्वी तीस हजार होती. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून कापलेला कर परत मिळतो. अनेक लेखक विवरणपत्रच भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात. वीस लाखांच्या आतल्या उलाढालीला एरवी वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. लेखनाच्या धंद्यात ती मर्यादा ओलांडण्याची वेळ आली तर पेढे वाटायला हरकत नाही.

राहता राहिला हक्काचा प्रश्न, आणि मराठी लेखक सगळ्यात ढिले राहतात ते इथेच. काम घेण्याआधी संपादकाला किंवा एजन्सीला लेखी विचारा: दर किती, पैसे लेख स्वीकारल्यावर की छापून आल्यावर, नमुना लेख वापरला तर त्याचे पैसे मिळणार का आणि लेखाचा हक्क किती काळासाठी देत आहोत. विचारणारा आगाऊ वाटला तरी चालेल. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तो लेखकच असतो, हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखकाच्या सहीचा लेखी करार लागतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते.